हिल्का आणि तिचा एल

आमच्या कोर्पिवारा गावात हिल्का कार्पिनेन बर्फ काढायला निघाली, की आम्ही निवांत कॉफी उकळायला ठेवायचो. घाई कसली? शाळेत तीस वर्षं स्वयंपाक करून निवृत्त झालेली ही बाई आपल्या एटीव्हीला, म्हणजे जाड टायरांच्या चारचाकी मोटरसायकलला, पुढे लोखंडी पातं लावायची, गिअरची दांडी एलवर, म्हणजे सावकाश पण जोरकस गिअरवर, ओढायची आणि अडीच किलोमीटरचा रस्ता, वाटेतल्या अंगणांसकट, तीन तासांत साफ करायची. दांडीवर वेगाचा एचही होता.

"एच दुकानात जायला," ती म्हणायची. "ओझं ढकलायला एल."

पोरं स्कीवरून तिच्या पुढे निघून जात आणि टाटा करत. तीही करायची.

गेल्या शरदात रस्ता मंडळाच्या सभेत ओस्मो उठला. निवृत्त होऊन हेलसिंकीहून नुकताच परतलेला, दारात कोरी करकरीत एटीव्ही. "चाळीस मिनिटांत रस्ता मोकळा करून देतो," म्हणाला. भराभर हात वर झाले. माझाही झाला, त्याची मला अजून लाज वाटते. हिल्काने विणकाम पिशवीत घातलं.

त्या हिवाळ्यात बर्फ पडला की ती खिडकीशी उभी राही. "गुडघ्याला आराम मिळतोय," म्हणे. खोटं बोलत होती. तिला तिचा रस्ता परत हवा होता.

जानेवारीचा भुसभुशीत बर्फ ओस्मोने एचवर उडवला आणि गावभर शेखी मिरवली. मग मार्च आला, ओला, जड बर्फ घेऊन. त्या दिवशी दुपारी बारा वाजता त्याच्या नातीचं घरीच नामकरण होतं. हा पठ्ठ्या अकरा वाजता निघाला! पूर्वी दुधाचे कॅन ठेवत त्या जुन्या ओट्यापाशी ढिगात घुसला, अडकला, आणि अजून जोर दिला.

मी हिल्काकडे बसले होते. ओस्मो चालत आला, मिशीवर बर्फ.

"गाडीचा पट्टा जळला ना?" हिल्काने विचारलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"वाऱ्याने. अर्धा तास रबर जळल्याचा वास येतोय. एचवर होतास?"

"होतो," तो पुटपुटला. "नामकरणाच्या पाद्रीबाई फाट्यावर गाडीत अडकून बसल्यात. हिल्का, तू जरा..."

तिने बूट केव्हाच चढवले होते.

एलवर इंजिन गुरगुरत राहिलं आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने निघाली. अर्धं पातं भरेल एवढाच बर्फ ती घेई, बाजूला सारी, मागे येई, पुन्हा घेई. फाट्यापर्यंत मोकळं केलं, वळली, आणि मागोमाग पाद्रीबाईंची गाडी. नामकरण दीड वाजता झालं. बाळ झोपलेलंच होतं, कॉफी मात्र तिसऱ्यांदा केली.

वेलदोड्याच्या बनपावांचं ताट फिरत असताना ओस्मो उभा राहिला. कान लालबुंद.

"रस्ता हिल्काचा आहे," एवढंच म्हणाला.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "कॉफी फार गरम आहे," ती म्हणाली. मग नाक पुसून, "घेते. पण ओट्यापलीकडचा चढ तू करायचास, तिथे माझा गुडघा बोंबलतो. आणि एलवर, कळलं?"

"कळलं, बाई."

आता बर्फ पडला की दोन गाड्या निघतात. रस्त्याला मात्र तीन तासच लागतात. ओट्यापाशी दोघं थांबतात, आणि तिच्या थर्मासमधली कॉफी संपल्याशिवाय निघत नाहीत.