चार बाय पाचची जागा

"बाई, हे काय काढलंय? मोठ्यानं वाचा."

साहेबांची पेन्सिल नकाशावर टेकलेली. टेबलाभोवती आठ पुरुष. मी वाचलं, "स्त्रियांसाठी शौचालय." सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला.

"ऑफिसात बाई एक. तिच्यासाठी चार भिंती? बाहेर दुष्काळ आहे." साहेबांनी खोडरबर घेतलं आणि ती चार बाय पाचची जागा माझ्या डोळ्यांदेखत पुसली. तिथं फायलींचं कपाट टाकायला सांगितलं. कागदावरची भुकटी त्यांनी फुंकली, ती माझ्या पदरावर आली. मी ती झटकलीही नाही.

लातूर नुकता जिल्हा झाला होता. आमच्या खात्याला जुनी इमारत मिळाली होती. ती आतून बदलून सुटसुटीत, सोयीचं ऑफिस करायचं होतं. मी ट्रेसर, नकाशे काढून शाईनं पक्के करणारी. उजेड कुठल्या टेबलावर पडेल, फाईल किती पावलांत साहेबांकडे पोचेल, कूलर कुठं बसेल, सगळं मी काढलं. साहेबांच्या खोलीला लागून त्यांचं बाथरूम होतं, ते नव्या नकाशात मोठं केलं. बाकीचे पुरुष मागच्या भिंतीकडे जायचे. मी सकाळी शिरूर अनंतपाळहून एसटीनं निघायची, संध्याकाळी घरी. मधे पाणी पिणंच सोडलं होतं. लघवीला आग व्हायची. लाजेनं आईलाही सांगितलं नाही.

आणि त्या दिवशी मी पुन्हा टेबलाशी जाऊन बसले. त्या कपाटाच्या रेघांत शाई मीच भरली. हे दुःख अजून जात नाही.

साहेबांच्या बाथरूमला पाणी गयाबाई आणायची. रोजंदारीवरची, माझ्या आईच्या वयाची. टँकरवरून घागरी भरून जिन्यानं वर. एका दुपारी ती जिन्यातच कोसळली. वरून क्लार्क ओरडला, "अरे, पाणी सांडलं!"

बाई पडली, असं कुणी म्हणालं नाही.

मी धावले. तिचं डोकं मांडीवर घेऊन तांब्या तोंडाला लावला. तिनं ओठ घट्ट मिटले.

"नगं बाई. प्यालं की जावं लागतंय. कुठं जाऊ?"

मी तिथंच रडले. साहेबांनी बाई एक मोजली होती. मीही एकच मोजली होती, स्वतःला. रोज माझ्या टेबलाला घासून घागर घेऊन जाणारी बाई मला दिसलीच नव्हती.

वर गेले. ट्रेसिंगच्या कागदावरची शाई पुसत नाही, ब्लेडनं खरडावी लागते. कपाट खरडलं. तिथं पुन्हा शौचालय काढलं, शाईनं. नकाशा साहेबांपुढं ठेवला.

"साहेब, ऑफिसात बाया दोन हायत."

"दुसरी कोण?" त्यांनी खरंच विचारलं.

"तुमच्या बाथरूमला पाणी आणती ती."

"हे आत्ता खरडा. नाहीतर बदलीला तयार राहा."

मी ब्लेड त्यांच्यासमोर ठेवलं. "म्या न्हाई खरडणार. तुम्ही खरडा."

महिन्याभरात माझी बदली मुखेडला झाली. लातूरला त्या जागी कपाटच झालं म्हणतात. गयाबाई त्या दुपारनंतर कामावर आली नाही. मी विचारत राहिले. तिचं गाव कोणतं, हे त्या ऑफिसात एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

आता नव्या नकाशाचा कोरा कागद समोर आला की दारं, खिडक्या, साहेबांची खोली मी नंतर काढते. आधी ती चार बाय पाचची जागा. पेन्सिल हातात घेतच नाही. पहिली रेघच शाईची.