दूधवाल्याचा ग्लास

आमचे हे दूध विकतात. कॅनमधलं, सुटं, मापानं. कोपऱ्यावर दुकान, दुकानामागे आमच्या दोन खोल्या आणि मधे एक पडदा. इतक्या वर्षांत यांना दुधाशिवाय दुसऱ्या विषयावर बोलताना मी फारसं ऐकलेलं नाही. लग्न नवीन असताना एकदा तळ्याकाठी जाऊन बसलो होतो. हे म्हणाले, केवढं पाणी आहे, आणि एकदम गप्प झाले. पाण्याचा विषय दूधवाल्यानं काढू नये असं यांचं मत आहे.

दुकान उघडलं की पहिला ग्लास हे स्वतः पितात. सगळ्यांसमोर कॅनमधून काढायचं, तिथल्याच शेगडीवर उकळायचं आणि रांगेकडे तोंड करून प्यायचं. त्याचं असं झालं, फार पूर्वी एकदा दुधात कोणी काहीबाही घालतंय अशी अफवा उठली. यांना बोलून कोणाला काही पटवता येत नाही, म्हणून यांनी पिऊन दाखवलं. अफवा विरली, पण ग्लास मागे लागला. एकदा ताप होता म्हणून प्यायले नाहीत, तर निम्मी रांग समोर पिशवीतलं दूध विकणाऱ्या पिशवीवाल्याकडे गेली आणि आठवडाभर तिकडेच राहिली. तेव्हापासून ताप असो, दात दुखो, ग्लास चुकला नाही.

मग यांचं पोट बिघडलं. ग्लास झाला की थोड्याच वेळात हे पडद्याआड, आणि बाहेर गिऱ्हाईक भांडं हातात घेऊन ताटकळत. आधी आम्ही शेंगदाण्यांना दोष दिला, मग हवेला, मग माझ्या स्वयंपाकाला. शेवटी मी यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. त्या म्हणाल्या, तुम्हाला दूध पचत नाही, वय वाढलं की काही जणांचं होतं असं, बंद करा.

"कुणाचं दूध?" यांनी विचारलं.

"कुणाचंही."

"माझंसुद्धा?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, यांचं दुकान आहे. मग त्या म्हणाल्या की एवढंच वाटत असेल तर घरी बदामाचं दूध करा, सोपं असतं.  घरी आल्यावर चपला काढता काढता हे म्हणाले, "ज्याला आई नाही, त्याला दूध म्हणायचं नाही." झालं. तेव्हापासून आमच्या घरात त्याला 'ते' म्हणतात. मी यांच्यासाठी ते करते.

करायला खरंच काही नाही. मूठभर बदाम रात्रभर भिजत घालायचे, सकाळी सालं काढायची. बोटांत दाबला की बदाम सटकन निसटून ओट्याखाली जातो, त्याला तिथून काढताना कंबर बोलते, एवढाच त्रास. मग थोडं पाणी घालून मिक्सरला अगदी गंधासारखं वाटायचं, आणि मग वरून बाकीचं पाणी. मी पाण्याचा तांब्या उचलला तसे हे स्वयंपाकघरातून उठून गेले. यांना ते बघवेना.

मलमलच्या फडक्यातून गाळून, पिळून मी पातेलं पुढे ठेवलं, तर हे दुकानातून दूध तपासायची काचेची नळी घेऊन आले आणि त्यात सोडली. नळी जी बुडाली ती तळालाच. असलं दूध कोणी आणून दिलं असतं तर त्याला कॅनसकट हाकललं असतं, म्हणाले. आणि मग स्वतःच ते गॅसवर चढवून उतू यायची वाट बघत उभे राहिले. मी सांगत होते, अहो, याला उकळायचं नसतं. पण न उकळलेलं काही पांढरं यांच्या घशाखाली कधी उतरलेलं नाही. त्याला ना उकळी फुटली ना साय धरली. ते नुसतं घट्ट घट्ट होत गेलं आणि शेवटी कागद चिकटवायची खळ तयार झाली. दुसऱ्या दिवशी मी यांना गॅसच्या आसपास फिरकू दिलं नाही. चिमूटभर मीठ आणि एक खजूर घालून वाटलं, गार दिलं. प्यायले. पोट शांत राहिलं. माझा जीव भांड्यात पडला.

राहिला प्रश्न दुकानाचा. आणि तो शहाणपणा माझा, मी कशाला नाही म्हणू. मी म्हटलं, रंग तोच आहे, कोणाला काय कळतंय? कॅनमधलं काढा, उकळा, वळताना ग्लास बदला, ते प्या. खरा ग्लास मी पडद्याआडून आत ओढून घेईन, चहाला होईल. यांनी मान हलवून नको म्हटलं. पण समोर पिशवीवाला शटर वर करत होता, ते दोघांनाही ऐकू आलं.

हातचलाखी मस्त जमली. यांची तब्येत सुधारली आणि हे वाळायला लागले. जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे. ज्या माणसानं जन्मात दुधात थेंब पाणी घातलं नाही, तो रोज सकाळी भर रांगेसमोर पाणी घातलेलं पीत होता. यांच्या पोटात दूध टिकत नव्हतं, तसं खोटंही टिकेना. मी रागावले. म्हटलं, कोणाला फसवलंय का तुम्ही? लोकांच्या पातेल्यात तर खरंच जातंय ना? हे म्हणाले, हो. आणि जेवणाचं ताट बाजूला सारलं.

मग यांचं माप सुटलं. प्रत्येकाला वर एक धार जास्त, मग दोन, मग भांडं भरेपर्यंत. मला वाटलं, चला, मनाला तेवढंच बरं वाटत असेल. पण गिऱ्हाईक काय कमी असतं? रोज पहिल्या नंबरावर उभ्या राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. त्यांनी एक दिवस स्वतःच्या किटलीत वाकून पाहिलं आणि मागच्याला म्हणाल्या की दूधवाला न मागता जास्त द्यायला लागला की समजावं, त्याच्याकडे जास्त झालंय, आणि गाय काही एकाएकी जास्त देत नाही. तेवढं पुरलं. चार दिवसांत रांग उंबऱ्याच्या आत मावायला लागली. मला बाईंचा असा संताप आला की समोर असत्या तर किटली त्यांच्या डोक्यावर उपडी केली असती. यांचं नाव, यांचं एकुलतं एक नाव, चाललं होतं.

त्या सकाळी यांनी उकळलं, वळले, ग्लास बदलला. तोंडाला लावणार तोच बाईंनी हात पुढे केला. "मला द्या तो," म्हणाल्या. "मी बघते पिऊन."

मी पडद्याआडून मान हलवत होते, नका, नका. सांडा, ठसका लागल्याचं नाटक करा, काहीही करा. यांनी ग्लास देऊन टाकला.

बाईंनी घोट घेतला, जिभेवर फिरवला आणि म्हणाल्या, "हे बदामाचं आहे."

"हो," हे म्हणाले. "दूध मला चालत नाही. किती तरी दिवस मी तुमच्यासमोर खोटं पितोय. कॅनमध्ये काही घातलेलं नाही, पण ते आता मी कोणत्या तोंडानं सांगू?"

इतकं लांब बोलताना मी यांना पहिल्यांदाच ऐकलं.  मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण शक्कल माझी आणि मान यांची खाली. बाईंनी ग्लास ठेवला आणि विचारलं की मग आता खात्री कोणी द्यायची.

यांनी पडदा सारला. मी तिथे उभी, हातात खरा ग्लास, वाफाळता.

"ही देईल," हे म्हणाले. "हिला दूध आवडत नाही. लग्न झाल्यापासून मी रात्री हिच्यासाठी ठेवतो तो कप ही मागच्या दारी मांजराला घालते. वासानंसुद्धा हिला मळमळतं. पण हिला तोंडावर खोटं आणता येत नाही. वाईट असेल तर तुम्हाला हिच्याकडे बघूनच कळेल."

मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. दूधवाल्याशी लग्न करून असलं काही बोलायचं असतं का? मला वाटत होतं या माणसाला कॅनपलीकडे काही दिसत नाही. आणि हा माणूस इतकी वर्षं रोज रात्री कप भरून ठेवत होता, मांजरासाठी.

मला रडू येत होतं आणि समोर रांग होती. मी नाक न दाबता ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. सगळे माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. बाईंनी विचारलं, कसं आहे.

"दुधासारखं," मी म्हटलं. "नुसतं दूध. दुसरं काहीही नाही."

बाईंनी क्षणभर माझा चेहरा न्याहाळला आणि किटली पुढे केली. मागच्यांनीही आपापली भांडी सरसावली. यांनी माप उचललं, बरोबर काठापर्यंत भरलं, ओतलं. मग माझ्याकडे वाकून, रांगेला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "उद्यापासून साखर घालू का गं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे आता रोजचं झालं. मी म्हटलं, घाला.