डी विंगचं राज्य

ऋषिपंचमीच्या दुपारी मधुकर सर पुन्हा खिडकीशी गेले, तेव्हा त्यांच्या बायकोने, माणिकताईंनी, वरीच्या पातेल्यावर झाकण ठेवत विचारलं, "भिंत पळून गेली का बघताय?"

भिंत कुठली पळतेय! सरांनीच उभी केलेली.

मुलुंडच्या एका शाळेत या गृहस्थांनी उभा जन्म नागरिकशास्त्र शिकवलं. राज्याला काय काय लागतं? लोक, भूमी, शासन, सार्वभौमत्व. शिवाय इतर राज्यांची मान्यताही लागते असं काहीजण मानतात, हे सर अगदी शेवटी सांगायचे आणि वर म्हणायचे, "हे परीक्षेला येत नाही." पोरं लगेच वह्या मिटायची.

निवृत्तीनंतर राज्य स्थापायची संधी आपण होऊन दारात आली. सोसायटीच्या मागच्या अंगाला असलेल्या डी विंगची गच्ची गळत होती आणि पुढच्या तीन विंगा दर सभेत तोंडाला पानं पुसत होत्या. डी विंगवाले वैतागले, वेगळी सोसायटी काढली आणि सरांना अध्यक्ष केलं. सर असे खुलले की विचारू नका. अडचण एकच होती. जुन्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे सरांचे सख्खे थोरले भाऊ, ए विंगमधले. दोघांनी मुद्दाम एकाच आवारात घरं घेतली होती, का तर आमटीची वाटी गरम पोचावी.

"वेगळे व्हा की," दादा सभेत म्हणाले होते. "गच्ची गळते, खरंच आहे. पण मधू, आवारात मध्ये भिंत कशाला रे?"

"सीमेशिवाय राज्य कसलं, दादा?"

सभा हसली. दादा हसले नाहीत. त्यांचे गुडघे गेलेले, आणि भिंत झाल्यावर इकडे यायचं तर बाहेरच्या रस्त्याने सगळा वळसा. तेव्हापासून भावाभावांत बोलणं नव्हतं.

आणि आज पंचमी. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून अळू, माठ, भेंडी, सुरण घालून केलेली ती ऋषीची भाजी दरवर्षी दादांच्या घरून, उत्तरावहिनींच्या पातेल्यातून यायची. डबा दादा स्वतः आणायचे. माणिकताईंनी ती कधी घरी केलीच नव्हती. आजही नाही.

"दादा आला नाही तर गं?"

"तर नुसती वरी खाऊ. सार्वभौम माणसाला तेवढं चालतं."

"चेष्टा पुरे."

"मग जा ना तुम्हीच."

"मी कसा जाऊ? अध्यक्ष आहे मी."

बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कसनुसं झालं. पेपर उघडला, मिटला. पंखा वाढवला, कमी केला. भाऊ कायमचा तुटला की काय, या धास्तीने जीव कशातच लागेना.

इतक्यात इंटरकॉम वाजला. खालून नवा वॉचमन बोलत होता. "साहेब, बाहेरचे एक आजोबा आलेत. सोडू का?"

विचारल्याशिवाय बाहेरचा माणूस आत घ्यायचा नाही, हा नियम सरांचाच. पहिल्याच सभेत टाळ्या घेऊन केलेला.

सर अनवाणीच जिना उतरले. गेटबाहेर दादा उभे होते, एका हाताने गज धरून, दुसऱ्या हातात डबा. धाप लागली होती.

"अरे, उघड ते गेट! दादा, आत ये ना."

"नको. धाकट्याच्या घरी परवानगी काढून शिरायची सवय नाही मला." दादांनी गेटवरून डबा पुढे केला. "मधू, ते शेवटचं राहिलं होतं ना रे, मान्यता? ही घे. झालं तुझं राज्य."

आणि गुडघा धरत ते वळसा घालायला निघाले.

डबा अजून कोमट होता. सरांना रडूच फुटलं.

वॉचमन बिचारा गोंधळला. "साहेब," त्याने हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीचे होते का?"