तायाक्काच्या वाटणीची विहीर

वडिलांचा उजवा हात फौंड्रीत भाजला आणि घरातला पगार थांबला, तेव्हा मी नववीची परीक्षा देऊन बसले होते. आई तात्यांच्या शेतात भांगलणीला, तण काढायला जायची. तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस; त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. एकदा बांधावर आईनं त्यांच्याकडं विषय काढला, "पोरीच्या धाव्वीच्या पुस्तकांचं काय तर बघा की तात्या."

तात्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "बास की आता शाळा. खुरपं दे हातात. कलेक्टर करायची हाय व्हय हिला?"

बांधावरची माणसं हसली. आईसुद्धा हसली, कारण दुसऱ्या दिवशी कामाला तिथंच जायचं होतं. आईचं ते हसणं मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

गावातली तायाक्का दर उन्हाळ्यात विहिरीवर पोरींना पोहायला शिकवायची. त्याच आठवड्यात मी तिच्या शिबिरात गेले. पोहण्यासाठी नव्हे. तिथं पोरींना उकडलेली अंडी आणि पेलाभर दूध मिळतं, असं ऐकलं होतं. तायाक्का विहिरीच्या पायरीवर लुगड्याचा काचा मारून बसली होती. उन्हानं रापलेली, आवाज असा की पलीकडच्या रानातले बैल थांबावेत. तिनं माझं नाव विचारलं नाही.

"कुणावर राग हाय?"

मी इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "तात्यांवर."

"मग बरं हाय. आपल्या दोघींचं गिऱ्हाईक एकच."

प्रत्येक नव्या पोरीला ती हाच प्रश्न विचारायची. मग पाठीला तेलाचे रिकामे कॅन बांधून पाण्यात सोडायची आणि वरून ओरडायची, "मार पाय! त्येच्या तोंडावर मार!" कुणी मास्तरांना लाथा घालायचं, कुणी चुलत्याला. हुपरीहून एसटीनं येणाऱ्या पोरी पैंजणं काढून काठावर ठेवायच्या आणि होणाऱ्या सासूला आगाऊच बडवायच्या. आम्ही सगळ्या अंगभर कपड्यांत पोहायचो. "बुडताना कोण कापडं बदलून बुडतंय?" असं ती म्हणायची.

तिचा राग जुना होता. तिची थोरली बहीण याच विहिरीत धुणं धुताना घसरली. काठावर सात-आठ बाप्ये जमले. त्यातले निम्मे पट्टीचे पोहणारे. एकानं सदरा काढलासुद्धा. पण सगळ्यांच्या पुढं तात्या उभे होते. ते म्हणाले, "वयात आलेली पोर हाय. परक्यानं अंगाला हात लावू नगा. घरच्यास्नी बोलवा." घरचे ऊस तोडत होते, लांबच्या रानात. ते येईपर्यंत पाणी शांत झालं होतं. तायाक्का तेव्हा चौदा वर्षांची, पायरीवर उभी राहून ओरडत होती. तिलाही पोहता येत नव्हतं.

विहीर तात्यांच्या आणि तायाक्काच्या वडिलांच्या सामाईक मालकीची. वाटणीप्रमाणे आठवड्यातले तीन दिवस पाणी तायाक्काच्या घरचं. त्या दिवशी दुसऱ्यानं मोटर चालू करायची नाही, हा रिवाज. नवऱ्याचं घर सोडून तायाक्का माहेरी परतली, वडिलांमागं त्यांची जमीन तिच्याकडं आली. जगाचा ऊस मे महिन्यात पाण्यासाठी तडफडतो. तिनं मात्र तिचे तीन दिवस पोरींना दिले. मोटर बंद, विहीर तुडुंब, आणि आत पोरी. लोक म्हणायचे, "आक्का, ऊस वाळला की!"

"ऊस परत लावता येतोय," ती म्हणायची. पुढचं कुणी विचारत नसे.

शिबिर सुरू होताना दरवर्षी ती तात्यांच्या घरी नारळ पाठवायची. निरोप ठरलेला: "काठावर उभारायला या म्हणावं. सवय हाय तुम्हास्नी." नारळ परत यायचा. आम्ही तो फोडून खायचो.

शिबिरातल्या माझ्या तिसऱ्या वर्षी मे फारच कडक होता. तात्यांचा ऊस करपायला लागला आणि त्यांचा धीर सुटला. तायाक्काच्या दिवशी ते स्वतः मोटर चालू करायला आले. "पोरींचा खेळ बंद करा हा!" म्हणत स्टार्टरकडं निघाले. काठाचा दगड आमच्या पायांनी ओला झालेला. तात्या थेट पाण्यात.

वर आले ते हातपाय झाडत. कसाबसा मोटरचा पाइप त्यांच्या हाताला लागला. गावाला त्या दिवशी कळलं, तात्यांना पोहता येत नव्हतं.

मी सर्वांत जवळ होते. हात मारत निघाले, तोच वरून आवाज आला, "थांब!"

आवाजानं रानातली माणसं धावत आली. तायाक्का त्यांच्यादेखत सावकाश पायऱ्या उतरली. "पाइप धरलाय, बुडत न्हाईत. वयात आलेली पोर हाईस तू. परक्याला हात लावू नये, हे ह्येंचंच म्हणणं. विचार त्येस्नी."

मी विचारलं. मोठ्यानं विचारलं, बांधावर ऐकू जावं इतकं. "तात्या, हात लावू का?"

तात्या काठावरच्या माणसांकडं बघत राहिले. हात सटकायला लागले.

"लाव की गं, माझे आये!"

मी त्यांना बगलेत धरून पायरीला आणलं. तायाक्का त्यांच्यासमोर बसली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झालेला मी ऐकला. "पवायला येत न्हवतं तर गप उभारायचं की. दुसऱ्यानं उडी टाकली असती. तुमची लाज झाकायला माझी भैन घालवली व्हय?"

तात्या उठले. ओल्या धोतरानं गावातून चालत गेले. पुढं ते वारले तेव्हा बायका तायाक्काला म्हणाल्या, आता तरी माफ कर. "माझ्या भैनीला विचारा. मी कोण माफ करणारी?" असं म्हणून ती शेतात निघून गेली. मयताला गेली नाही. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

तात्या वारल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांची नात शिबिराला आली. तायाक्कानं तिलाही तेच विचारलं.

"कुणावर राग हाय?"

पोरगी ताठ मानेनं म्हणाली, "आज्ज्यावर. त्येनं मला कवा पाण्याकडं येऊ दिलं न्हाय."

तायाक्का हसली आणि तिच्या पाठीला स्वतःच्या हातानं कॅन बांधले.

माझ्या पुस्तकांचा खर्च तायाक्कानं पहिल्याच उन्हाळ्यात उचलला होता; माझी दहावी, बारावी आणि कॉलेज तिच्याच घरी राहून झालं. ती गेली त्या वर्षी मी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. आईनं तात्यांच्या शेतावर जाणं सोडलं. आता शिबिर मी चालवते, त्याच विहिरीत, तायाक्काच्या वाटणीच्या दिवशी. तात्यांची नात माझ्या हाताखाली शिकवते. आमच्या गावात पोहता न येणारी पोरगी उरलेली नाही.