अकराजणींची मागणी

चहाचा कप आधी खाली ठेवा. मागल्या खेपेला हे सांगत होते, तेव्हा माझ्या नणंदेच्या नाकातून चहा आला होता. आणि हसा खुशाल! मी घातलेला घोटाळाच तसला आहे. माझ्याच तोंडानं सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावायला नको.

मी कोल्हापूर शहराच्या बसगाड्या धुवायचे. गाडी डेपोत आली की आम्ही अकराजणी तिच्यावर तुटून पडायचो. नळी, खराटा, फडकी. पानाच्या पिचकाऱ्या, शेंगांची टरफलं, पोरांच्या ओकाऱ्या, काय काय असतंय गाडीत ते विचारू नका. बारा वर्षं हे काम आणि बारा वर्षं रोजंदारीवर! आज या, उद्या येऊ नका. ‘कायम’ हा एवढाच शब्द ऐकायला आमचे कान आसुसले होते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मोबाईल कुणाच्या बापानं बघितला नव्हता तेव्हाची. शहराची पालिका आणि बसचे कामगार यांचा करार अडला आणि संप झाला. गाड्या डेपोत, ड्रायव्हर-कंडक्टर गेटवर घोषणा देत बसलेले. मग ठरलं, बोलणी करायची. आमच्या युनियनचे शिंदेआण्णा म्हणाले, धुणाऱ्या बायकांकडनंही एकजण पाहिजे.

आमची शोभा लगेच म्हणाली, “आक्कालाच धाडा की! हिचा आवाज ऐकूनच सायेब सही करतील.”

दहाजणींनी माझ्या पदराला हात लावून सांगितलं, “आक्का, दुसरं काय मागू नगंस. कायम, आन लुगडं बदलायला एक खोली. बास!”

सकाळी आण्णांची चिठ्ठी आली. ‘अकरा वाजता बोलणी. शाहूपुरी, कार्यालय, वरचा मजला. मागणीसह हजर राहावे.’

आता तुम्हीच सांगा, हापिसाला कुणी कार्यालय म्हणतं का? मी चौथी शिकलेली बाई. हापिस म्हणजे हापिस. कार्यालय म्हटलं की मांडव, अक्षता, जिलबी! म्हटलं, एवढी माणसं बसायची, घेतलं असेल एखादं मंगल कार्यालय. संप असल्यामुळं बस नाही, म्हणजे आमच्याच संपानं मला पायी काढलं. घामाघूम होऊन शाहूपुरीत पोचले. दारात कार्यालयाचा माणूस उभा.

“बोलणी हितंच हाय न्हवं?”

“व्हय, हितंच. सुरूबी झाली. वर जावा!”

गेले की वर! बघते तर जाजमावर समोरासमोर दोन बाजू बसलेल्या. मध्ये एक म्हातारा कागदावर काहीतरी लिहितोय. एका बाजूला पांढरी टोपी, मोठ्या मिशा, हा एवढा थोरला गडी. समोर एक वाळकुडा माणूस, हातात फाईल. शिंदेआण्णा कुठं दिसेनात. म्हटलं, गेले असतील पान खायला.

तेवढ्यात मिशावाला कडाडला, “आमचं एकच म्हननं हाय. आधी कायम! मग पुढचं बोला.”

माझ्या अंगावर काटा आला! असा पुढारी आमच्या बाजूला? आण्णांनी बाहेरून आणलाय वाटतं!

वाळकुडा म्हणाला, “आवो, हुतंय की. दोन म्हैन्यात कायम करत्यात. वरच्या सायबांनी शबुद दिलाय.”

झालं! हे बोलणं मी बारा वर्षं ऐकत होते. म्हणजे हा वाळकुडा पालिकेचा माणूस. पक्कं! मी गेले आणि मिशावाल्याच्या मागं ठाण मांडून बसले. वाळकुड्याला वाटलं, ही त्यांच्यातली आत्या. मिशावाल्याला वाटलं, ही त्यांच्यातली मामी. मला काय वाटत होतं ते सांगितलंच.

“दोन म्हैनं?” मी तिथनंच ओरडले. “बारा वर्सं झाली, ह्योच शबुद ऐकतोय आमी!”

मिशावाला गर्रकन वळला. “बारा वर्सं? ह्यांनी तर तीनच सांगितल्यात!”

“खोटं! डेपोत येऊन इचारा. मी तितं गाड्या धुते!”

“डेपोतल्याच हाय व्हय तुमी? बोला, बोला बाई. पगार तरी येळंला हुतोय न्हवं?”

“संपात कसला आलाय पगार?”

“संप?” मिशावाल्याच्या हातातला पोह्याचा चमचा तसाच राहिला. “ओ पावणं, तुमी तर म्हणलासा पोरगं रजंवर हाय!”

वाळकुडा फाईल बंद करून म्हणाला, “ह्या बाई कोन हायत पर?”

“मी कोन? मी मागणी घेऊन आले!” आणि मग माझी गाडी सुटली. अहो, बारा वर्षांचं साठलेलं! “एक खोली न्हाय आमास्नी! एक! बारा वर्सं मागतोय!”

“खोली न्हाय?” मिशावाला निम्मा उठला. “दोन खोल्या आन सैपाकघर सांगितलं हुतं!”

“कसलं सैपाकघर! अकराजणी एका नळावर हाय आमी.”

म्हाताऱ्याचा लिहिता हात थांबला.

“अकराजणी?” मिशावाल्यानं हळूच विचारलं.

मला वाटलं, बसला शब्द वर्मी! लोखंड तापलंय, हाण! “व्हय, अकराजणी! समद्यांस्नी झुलवत ठेवलंय ह्यांनी. आज कायम करतो, उद्या करतो. आन आता त्यातली एकच घेतली आन बाकीच्या सोडल्या, तर मी चालू द्यायची न्हाय! घ्याचं तर अकराबी घ्या!”

आतल्या खोलीत कुणीतरी बाई मोठ्यानं रडायला लागली. मी म्हटलं, आपल्यातलीच असणार कुणी, भरून आलं बिचारीला.

मिशावाला आता उभाच राहिला. “आवो, माज्या एका पोरीसाठी आलो हुतो, हितं अकरा बायकांचा बाजार हाय! उठा रं, शिरोळला चला!”

पोरीसाठी?

मी म्हाताऱ्याच्या हातातला कागद ओढला. चौथीपर्यंतचं का असेना, वाचता येतंय मला. मोठ्यानं वाचायला लागले. ‘नवरीचा शालू वरपक्षाकडून. जेवणखर्च निम्मा निम्मा. करवलीची साडी...’ आणि आवाज असा बारीक होत गेला, गाडीचं इंजिन बंद पडल्यासारखा. अहो, ती आमची मागण्यांची यादी नव्हे, लग्नाची याद!

आता काय करता? जिना मागं होता, पण आता पळून चालणार नव्हतं. मग सांगितलं सगळं. चिठ्ठी दाखवली. अकराजणी म्हणजे कोण तेही सांगितलं. मिशावाला आधी ऐकत राहिला, मग असा हसला की टोपी खाली पडली. हसून झाल्यावर मात्र म्हणाला, “अकराजणींचं मिटलं. पर पोरगं कायम न्हाय, हे तर खरंच न्हवं?”

पोरगं म्हणजे आमच्याच डेपोतला कंडक्टर, मुरगूडचा. तो गेटवर घोषणा देत होता आणि हा वाळकुडा त्याचा मामा. मामानं फाईल तोंडापुढं धरली. मी मान खाली घातली.

तेवढ्यात आतनं नवरी बाहेर आली. डोळे लाल. पोरगी सरळ माझ्यासमोर उभी राहिली. “मावशी, तुमी मोडलासा. आता तुमीच जोडा.”

काळजात कट्यार घुसावी तसं झालं हो! कुणाचं लग्न मोडायला निघाले होते का मी?

मिशावाला म्हणाला, “बाई, चार वाजंपातूर थांबतो. करारात पोरगं कायम झालं, तर हितंच यादी पे शादी. न्हायतर आमी आमच्या वाटंनं.”

“थांबा म्हणजे थांबा!” म्हटलं आणि सुटले. मामानं मला स्कूटरवर घातलं. खरं कार्यालय, म्हणजे कामगार अधिकाऱ्याचं हापिस, दोन गल्ल्या पलीकडंच होतं! आत गेले तर टेबलाच्या एका बाजूला पालिकेचे साहेब, दुसऱ्या बाजूला शिंदेआण्णा, आणि सगळ्यांची तोंडं लांब.

“आक्के, कुठं मेलीवतीस?” आण्णा खेकसले.

“ते ऱ्हाऊ द्या! कंडक्टर पोरांचं काय झालं?”

साहेब म्हणाले, “बाई, तो विषय पुढच्या वेळी घेऊ.”

पुढच्या वेळी? मी टेबलावर असा हात आपटला की साहेबांच्या पेल्यातलं पाणी त्यांच्या कागदावर गेलं. “सायेब, तुमच्या घरात पोरगी हाय का? तिला नवरा बघताना तुमी पैलं काय इचारता? कायम हाय का! आन हितं ही पोरं तीन-तीन वर्सं तिकिटं फाडत्यात, त्यांस्नी कोन पोरगी देईल? तिकडं एक पोरगी पदर खोचून चार वाजायची वाट बघत बसलीया. तिला काय सांगू? पुढच्या येळी?”

अधिकारी पालिकेच्या साहेबांकडं बघायला लागले. साहेबांना बहुतेक खरंच लग्नाची मुलगी असावी, कारण रुमालानं कागद पुसत ते म्हणाले, “लिहा. तीन वर्षं झालेले कंडक्टर, कायम.”

मी टाळ्याच पिटल्या! आण्णांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघून विचारलं. नीट विचारलं हो, त्यांच्यावर बोल नाही. “आक्का, आनि काय ऱ्हायलंय का?”

“काय न्हाय! करा सही! झटक्यात करा, अक्षता खोळंबल्यात!”

केल्या सह्या. मीही केली, झोकदार.

पुढं काय धांदल म्हणता! गेटवरनं नवऱ्याला उचलून आणला, खाकी कपड्यात. घोषणा देऊन घसा असा बसलेला, नाव घ्यायला सांगितलं तर नुसती हवाच बाहेर यायची! शिरोळच्या पावण्यांनी मला पहिल्या पंक्तीला बसवलं, माझी ओटी भरली. “आक्का, तुमच्यासारखी बोलणी करणारी बघितली न्हाय,” म्हणाले. मी जिलबी खाल्ली, दोन वेळा मागून खाल्ली.

आम्ही कायम झालो बरं का. पण पुढच्या करारात! त्या बोलण्यांना शोभा गेली, आणि बोलणी कुठं आहेत ते मला कुणी कळूही दिलं नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी काय झालं, ते ऐका.

करार झाल्याची बातमी माझ्या आधी डेपोत पोचली होती. मी गेटातनं आत शिरते तर दहाजणी पळत आल्या. गुलाल आणलेला! डोक्यावर, तोंडावर, पाठीवर, जागा सोडली नाही. हलगी नव्हती म्हणून बादल्या बडवल्या. मीही नाचले. म्हटलं, कोल्हापूरच्या बाईचा नाद करायचा नाही!

नाचता नाचता शोभानं विचारलं, “आक्का, झालं न्हवं कायम?”

“झालं की! आज, माज्या डोळ्यांदेखत!”

“आन खोली?”

“दोन! आन सैपाकघर!”

“दोन?” शोभा थांबली. “सैपाकघर कशाला गं आपल्याला?”

बादल्या वाजायच्या बंद झाल्या. दहाजणी माझ्याकडं बघतायत, मी गुलालातनं त्यांच्याकडं बघतेय.

“आक्का,” शोभा म्हणाली, अगदी हळू, “कायम कोन झालं?”

“नवरा,” मी म्हटलं.

मग एकीनं नळ सोडला, दुसरीनं नळी धरली, तिसरीनं खराटा घेतला. बारा वर्षं आम्ही गाड्या धुतल्या हो, पण त्या दिवशी दहाजणींनी मला जशी धुतली, तशी गाडी आमच्या डेपोत आजवर एकही निघालेली नाही!