नानांनी काढलेला नवरदेव

आमच्या आत्याच्या यजमानांनी काढलेलं चित्र ज्याचं त्याला ओळखू आलं, असं धुळ्यात एकदाही घडलेलं नाही. नाक शेजाऱ्याचं, कान कुणा पूर्वजाचे, आणि हनुवटी तर ब्रह्मदेवानेही कधी घडवली नसेल अशी. पण आम्ही ज्यांना नाना म्हणत असू त्या या गृहस्थांना त्याची काडीचीही खंत नव्हती. "नाक-डोया काय, फोटोवाला बी देस. सोभाव पेन्सिलमाच उतरस," असं म्हणून ते कागद हातभर लांब धरत आणि समोर बसलेल्या जिवंत माणसाकडे ढुंकूनही न पाहता त्याचा स्वभाव चित्रावरून वाचून दाखवत. दिवसभर जिनिंगमध्ये कापूस चिमटीत ओढून पारखायचा आणि संध्याकाळी ओट्यावर पाठकोरे कागद घेऊन माणसं पारखायची, हा त्यांचा क्रम. शेजारच्या कापडवाल्या शेटजींचं चित्र पाहून ते म्हणाले, "मन मोठं शे, पन व्होठ त्याले सुटी देत नहीत." कधी गोड शब्द न काढणारे शेटजी फणफणले, शेठाणी मात्र पदराआड इतक्या हसल्या की चित्र मागून नेऊन त्यांनी थेट स्वयंपाकघरात लावलं. मी तेव्हा नवा नवा कवी झालो होतो. विचारमग्न दिसावं म्हणून हनुवटीखाली मूठ धरून बसलो. नानांनी चित्रावर एक नजर टाकली आणि निदान केलं, "पोट साफ नही." आदल्या दिवशी भरीत-पुरीवर मारलेला ताव लक्षात घेता मला वाद घालता येईना.

असे चार-दोन नेम लागले आणि आमच्या घरात नानांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ होऊन बसला. त्यातच माझ्या धाकट्या बहिणीला, कुसुमला, चोपड्याचं स्थळ आलं. आत्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून कुसुम लहानपणापासून तिच्याकडेच वाढली होती. साहजिकच बघण्याचा कार्यक्रमही तिथेच झाला. मुलगा केळीच्या बागाईतदाराचा, हसतमुख, पोहे दुसऱ्यांदा मागून घेणारा. कुसुमला तो आवडला होता आणि आत्याच्या कानात तसं सांगून ती मोकळीही झाली होती. पण नाना कोपऱ्यात बसून त्याचं चित्र काढत होते. पाहुणे गेले, नानांनी कागद लांब धरला आणि त्यांचा चेहरा पडला. "पोरगा घाबरेल शे. डोयामा देखा. काहीतरी दपाडस," ते म्हणाले. मुलाच्या डोळ्यांत भीती आहे, तो काहीतरी लपवतोय म्हटल्यावर माझ्या वडिलांनी लगेच नकार कळवायचं ठरवलं. आत्या रडवेली झाली. मी मुलाची बाजू मांडायला लागलो, तर वडिलांनी माझ्या पोटाची आठवण करून दिली.

तेवढ्यात कुसुम आतून आली. तिने नानांच्या हातातून चित्र घेतलं, खिडकीपाशी नेऊन नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "नाना, त्यासना डोया मी बी देखात, दारआडथून. त्या तं हासत व्हतात. ह्या घाबरेल डोया तुम्हना शेतस."

नानांनी कागद परत घेतला. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना चित्र वाचायला वेळ लागत होता. पोरगी सासरी गेली की हे घर कसं होईल, ही धास्ती त्यांनी भाबडेपणाने त्या बिचाऱ्या मुलाच्या डोळ्यांत भरून ठेवली होती. शेवटी घसा खाकरून त्यांनी विचारलं, "मंग पोऱ्या बरा शे?"

"बरा शे," कुसुम म्हणाली आणि आत पळाली.

"होकार कळवा," नाना माझ्या वडिलांना म्हणाले.

लग्न झकास झालं. जावयाने नानांना हौसेने म्हटलं, "मन्हं चित्र दखाडा ना." नानांनी ते आत्याकडे आहे, आत्याने ते हरवलं, असं सांगून वेळ मारून नेली. संध्याकाळी चोपड्याची मोटार धूळ उडवत गेली. मांडवात उरलेली मंडळी नानांना धरून बसली: आता आमची चित्रं काढा, आमचे स्वभाव सांगा. नानांनी हात जोडले. "आज नको," ते म्हणाले. "आज कोनंबी चित्र काढं तरी मन्हंच निंघी."

सगळे हसले. नानाही हसले. मला त्यांना एकदा घट्ट मिठी मारावीशी वाटली. पण आमच्याकडे तशी रीत नव्हती, म्हणून मी नुसता त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.