परवा घेऊन जा

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी थंडी होती. नर्सबाई कोट घालून बघायला आल्या. कोट पाठीवर फाटला. मी शिवलेला.

माझी धाकटी जाऊ आणि मी तीस वर्षं एकाच खोलीत शिवतो. मला शिवणकाम मिशनच्या शाळेत सिस्टरांनी शिकवलं, तिला मी. तरी गिऱ्हाईक दारात येतं आणि मलाच विचारतं, "धाकट्या काकू आहेत का?" माझा तिळपापड होतो. वर ती कुणालाच पटकन हो म्हणत नाही. चारातली दोन कामं परत पाठवते, आणि ती माणसं पुन्हा तिच्याकडेच येतात!

गेल्या महिन्यात नर्सबाईंनी आपल्या आईच्या ट्रंकेतलं लोकरी कापड आणलं. एकाच कोटापुरतं, आणि आई आता नाही. मी म्हटलं, "परवा घेऊन जा." जाऊ म्हणाली, "आठ दिवस राहू द्या, मग सांगते." कापड तिच्याकडे राहिलं.

ती रोज ते उजेडात धरून बघायची.

"कापड पाठ करतेयस की काय?" मी टोमणा मारला.

"करते हो, ताई. परीक्षा मलाच द्यायचीय."

नवव्या दिवशी तिनं नर्सबाईंना सांगितलं, "कोट करणार नाही. बिनबाह्यांचं जाकीट करीन. इतकी वर्षं घडीत राहून कापड घडीवर विरलंय."

नर्सबाईंचा चेहरा पडला. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"आणा इकडे. कोटच करून देते."

त्याच दुपारी कात्री चालवली. कापड एकदाही उजेडात धरलं नाही. तिच्यासारखं करायचं म्हणजे माझी मान खाली गेली असती.

आज नर्सबाईंनी बाह्यांत हात घातले, पुढे केले, आणि पाठीवर बरोबर घडीच्या रेघेवर कापड टरकलं. कोट काढून त्यांनी ती पाठ मांडीवर घेतली.

आता जाऊ मला सुनावणार, असं वाटलं. तिनं नुसती शिवण उसवून तुकडे वेगळे केले.

"जाकीट तरी होईल का हो?" नर्सबाईंनी विचारलं.

"आत्ता नाही सांगता येत. पंधरा दिवस द्या."

"महिना घ्या, काकू."

महिना! मला कुणी कधी एक दिवस जास्तीचा दिला नाही. मी तो कधी मागितलाही नव्हता म्हणा. पण हे कळून हेवा कमी होत नाही, उलट जास्तच टोचतो.

संध्याकाळी तिच्या मशीनवरचा दिवा गेला. मी नवा आणून लावला.